आठव्या रिळाचं झाकण

दर शनिवारी सकाळी माझी नात मला खिडकीशी बसवते. चष्म्यावर उजेड चमकू नये म्हणून मान जरा खाली घालायला लावते, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवते आणि म्हणते, "बोल." मग मी त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमावर बोलते. एकतीस वर्षं एका साप्ताहिकात हेच लिहून केलं, आता तोंडाने करते. लोक ऐकतात म्हणे. मी काही फार वेगळं सांगत नाही. हल्लीचे नायक पापणी लववत नाहीत आणि पार्श्वसंगीत इतकं कर्कश, की शेजारचा माणूस रडतोय की शिंकतोय ते समजत नाही, एवढंच. बरा असला तर बराही म्हणते.

मागच्या महिन्यात एक सिनेमा आला. त्यात मेलेला बाप घरात येऊन बसतो आणि कुणाला दिसत नाही. ज्याने त्याने तो डोक्यावर घेतला होता. मी म्हटलं, बाळांनो, हे आम्ही अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलंय, आणि कप्तानाच्या सिनेमाची आठवण काढली. जहाजाचा कप्तान समुद्रात बुडून मरतो. घर त्याच्यासाठी रडतं. आणि पुढच्याच प्रसंगात तो गणवेश घालून न्याहारीच्या टेबलाशी बसलेला असतो. बायको मुलांना चहा देते, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो शांतपणे कोटाची बटणं लावतो आणि निघून जातो. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माझं ते पहिलंच परीक्षण. मी लिहिलं होतं, 'मेलेल्या माणसाला निरोप घ्यायला दिग्दर्शकाने वेळ दिला.' ते वाक्य भिंतीभिंतीवरच्या पोस्टरांवर चढलं. त्या वाक्यावर मला नोकरी लागली, आणि चिकटवलेल्या दाढीतला तो सत्तावीस वर्षांचा नवखा नट जन्मभरासाठी कप्तान झाला.

हे सगळं मी मोबाइलसमोर रंगवून सांगत होते, तेव्हा माझा दादा कोपऱ्यात संत्रं सोलत बसला होता. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. संत्रं तसंच टाकून तो आत गेला आणि जेवायलाही बाहेर आला नाही.

दादा तरुणपणी त्याच थिएटरात ऑपरेटर होता. वरच्या केबिनमध्ये उभं राहून मशीनवर रिळं चढवायची, एक संपत आलं की दुसऱ्या मशीनवरचं सुरू करायचं, आणि प्रेक्षकाला सांधा कळू द्यायचा नाही. या कामात तो वाकबगार होता. एक दिवस अचानक ते सोडून त्याने पंखे दुरुस्तीचं दुकान थाटलं. डोळे दुखतात, म्हणाला. चांगल्या नोकरीला लाथ मारली म्हणून वडील त्याला मरेपर्यंत टोमणे मारत राहिले.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन बसले. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, कप्तान मेल्यावर टेबलाशी येऊन बसत नाही. टेबल आठव्या रिळात आहे आणि मरण नवव्यात. आदल्या रात्री नवराबायकोचं भांडण झालेलं असतं, म्हणून कुणी त्याच्याशी बोलत नाही, आणि तो तसाच समुद्रावर जातो. पत्रकारांच्या खेळाआधी दादाने रिळांचे डबे पुसायला काढले होते आणि ठेवताना आठव्या-नवव्याच्या झाकणांची अदलाबदल झाली. आकडे झाकणांवर होते.

"रिळाच्या तोंडावर पण आकडा असतो ना?" मी विचारलं.

"असतो. बघितला नाही." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तू पहिल्यांदाच पत्रकारांच्या रांगेत बसली होतीस. झरोक्यातून तुलाच बघत होतो मी."

त्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्याला काढून टाकलं होतं. रविवारी माझं परीक्षण आलं. दिग्दर्शकाने ते वाचलं आणि सगळ्या प्रतींत रिळांचा क्रम फिरवून टाकला. दादाने मात्र कुणाला म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, बाईने ऑपरेटरची चूक डोक्यावर घेतली, असं म्हणून गाव मला हसलं असतं. म्हणून वडिलांचे टोमणे त्याने निमूट खाल्ले.

तो ऐंशीचा, मी चौऱ्याहत्तरची. आमच्याकडे आता उरलीत किती वर्षं? दादाचं नाव त्या प्रसंगाला त्याच्या डोळ्यांदेखत लागलं पाहिजे, हे मी त्याच रात्री ठरवलं. तो म्हणाला, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. मी त्याचं ऐकलं नाही.

योग असा, की चाहत्यांचा मेळावा दोन आठवड्यांवर होता. मोठ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जुने-नवे नट येतात, लोक रांगा लावून सह्या घेतात, फोटो काढतात. कप्तान यायचा होता. दुपारी त्याचा सिनेमाही दाखवणार होते. नातीने तिघांचे पास काढले. दादाला आम्ही एवढंच सांगितलं, की तिची पिशवी सांभाळायला कुणीतरी हवं.

हॉलमध्ये काय नव्हतं? मुखवटे, तलवारी, चेहरे रंगवलेल्या मुली. एक धिप्पाड माणूस पाठीला पंख लावून आला होता आणि त्याला दारातून आत येता येत नव्हतं. दादा त्याच्याकडे बघून म्हणाला, "याला तिरका घ्या." कपाट हलवल्यासारखा त्याने स्वतःच पुढे होऊन त्याला आत घेतला.

कप्तानासमोर दीड तास रांग. एकेकाला पाव मिनिट. कप्तान आता टकला झालाय, पण आवाज तोच, पिंपातून आल्यासारखा. माझी पाळी आल्यावर मी माझं नाव सांगितलं. तो उठून उभा राहिला. बाई, तुमच्या वाक्यामुळे मी आहे, असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, ते बाजूला ठेवा, आणि एका दमात रिळांची हकीकत सांगून टाकली.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण पेन थांबलं. तो माझ्याकडे वाकला. "मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "मी तो प्रसंग भांडणाचा म्हणूनच केला होता. दिग्दर्शक म्हणाला, गप्प राहायचं. आता कशाला काढता, बाई? तुमचंच नाव जाईल."

"जाऊ दे. माझं वापरून झालंय. ज्याने ते केलं त्याची नोकरी गेली."

"काढलं त्याला?" हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मी खांबाकडे बोट दाखवलं. दादा प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. रांग सांभाळणाऱ्या बाईने मला पुढे सरकवलं आणि माझं पाव मिनिट संपलं.

त्यानंतर व्यासपीठावर गप्पा होत्या. नातीने मोबाइल उंच धरला होता. कप्तानाची टोपी घातलेल्या एका मुलीने माइक घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, तो टेबलाचा प्रसंग सुचला कसा? याचं त्याचं ठरलेलं उत्तर शेकडो मुलाखतींत आहे. पहाटेचा समुद्रकिनारा, तो आणि दिग्दर्शक, वाळूत पडलेली रिकामी खुर्ची.

"पहाटेची वेळ होती," कप्तान म्हणाला आणि थांबला. टक्कल पुसलं. मग म्हणाला, खुर्चीबिर्ची काही नव्हती. हा प्रसंग एका ऑपरेटरचा आहे, आणि तो त्या खांबापाशी बसलाय. इथपर्यंत ठीक होतं. पण नटच तो, बोलता बोलता चढत गेला. या कलावंताने अंधाऱ्या केबिनमध्ये एकट्याने विचार केला, नोकरी पणाला लावली आणि मुद्दाम रिळं बदलली, असं त्याने ठोकून दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दादा उठला. पिशवी खुर्चीवर ठेवून त्याने त्या मुलीकडून माइक मागून घेतला.

"मुद्दाम नाही," तो म्हणाला. "चूक होती. झाकणं बदलली आणि मी आकडा तपासला नाही. मुद्दाम कुणी असलं काम करत नाही."

हॉल हसून हसून आडवा झाला. त्यातच कुणीतरी मला ओळखलं आणि ओरडून विचारलं, म्हणजे आजी, तुम्ही चुकीचीच स्तुती केलीत? मी म्हटलं, केली, आणि अजूनही करेन. ते हसले, मीही हसले. अठ्ठेचाळीस वर्षांचं नाव गेलं ते एवढ्या आवाजात गेलं, म्हटलं तर फार काही दुखलं नाही.

कप्तान खाली उतरून दादाजवळ आला. त्याने दादाचे दोन्ही हात हातात धरून ठेवले. दादा म्हणाला, तुमची दाढी डावीकडे निघाली होती, केबिनमधून दिसत होती. तेवढ्यात टोपीवाली मुलगी वही घेऊन आली. तिच्यामागे आणखी दोघं, त्यांच्यामागे पंखवाला. दादाने खिशातलं पेन काढलं, पंख्यांच्या पावत्यांवर करायचा तशी स्वच्छ सही केली आणि खाली लिहिलं, 'ऑपरेटर'. नात रडत होती, पण मोबाइल हलू दिला नाही तिने.

दुपारी आम्ही तिघं सिनेमाला बसलो. दादाने तो कधी खुर्चीत बसून पाहिलाच नव्हता. कप्तान मेला, घर रडलं आणि तो टेबलाशी येऊन बसला. पुढच्या रांगांतले लोक मागे वळून दादाकडे बघत होते, कुणी टाळ्या वाजवत होतं. पडद्यावर बटणं लावून झाली तसा दादा माझ्या कानाशी लागला.

"खरं सांगू? मला हा उलटाच वाटतो. मरायच्या आधी भांडण झालेलं जास्त लागलं असतं."

मी म्हटलं, शनिवारी खिडकीशी तू बस.