एकाच सालाचे दोन भाऊ

दादाची नाणी लिलावगृहाने पालथी मांडली होती. पारदर्शक कप्प्यांच्या ट्रेमध्ये, ओळीने, सालाची बाजू वर आणि सुलतानाची मुद्रा खाली. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं कणा भिंतीकडे करून लावावीत आणि ग्रंथपालाने त्याबद्दल मानधनही घ्यावं, तसा तो प्रकार होता. ट्रेखालच्या चिठ्ठीवर छापलं होतं: ‘उस्मानी चांदी, दुसरा अब्दुल हमीद, सर्व इ.स. १८७६, सामान्य.’

‘सर्व’ हा शब्द मी पुन्हा वाचला. एवढ्याशा जागेत इतकं अज्ञान बसवायला व्यासंग लागतो.

उस्मानी नाण्यावरचं साल हे नाणं पाडल्याचं साल नसतं. ते सुलतान गादीवर आल्याचं असतं, आणि तो जितकी वर्षं राज्य करील तितकी वर्षं प्रत्येक नाण्यावर तेच राहतं. त्याच्या राज्याचं कितवं वर्ष चालू आहे, तो आकडा असतो दुसऱ्या बाजूला, तुघऱ्याखाली. तुघरा म्हणजे सुलतानाची वेलबुट्टीसारखी गुंफलेली नाममुद्रा. एका बाजूचं साल आणि दुसऱ्या बाजूचा आकडा जुळवला की नाण्याचं वय कळतं. त्यासाठी नाणं उलटावं लागतं, एवढाच काय तो बौद्धिक परिश्रम.

चिठ्ठीखाली सही होती लिलावगृहाच्या तज्ज्ञांची, म्हणजे ग्रंथराजांची. नाणेसंग्राहक मंडळाने त्यांना हे नाव त्यांच्या हँडबुकानंतर, अर्थातच पाठीमागे, दिलं होतं. त्या हँडबुकाचं वजन सर्वांना ठाऊक आहे. मजकूर मी एकट्यानेच वाचला असावा. माझं परीक्षण संपादकांकडे गेली कित्येक वर्षं ‘विचाराधीन’ आहे.

“भावजी, तोंड का असं झालंय? काढा प्यायल्यासारखं,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, दादाचं ते नाणं यातच आहे ना?”

“सगळी यातच. मी एकेक पाकिटात घालून दिली होती. या लिलाववाल्यांनी पाकिटं फेकून दिली. कचरा म्हणे!”

ते नाणं म्हणजे मुरादचं. गेल्या वर्षी दादाने मला फोनवर ओरडून सांगितलं होतं, “अरे, मला मुराद सापडला!” पाचवा मुराद हिजरी १२९३, म्हणजे इ.स. १८७६ साली गादीवर आला आणि मन ढासळलं म्हणून जेमतेम तीन महिन्यांत पायउतार केला गेला. त्याच साली त्याचा धाकटा भाऊ अब्दुल हमीद बसला, तो तेहतीस वर्षांकरता. दोघांच्या नाण्यांवर साल एकच, आकार एकच, चांदीचं वजनही एकच. तराजूला त्या भावांतला फरक कळत नाही. तो फक्त तुघऱ्यात असतो.

दादा ते नाणं मोठ्या हौसेने मंडळाच्या बैठकीत घेऊन गेला. ग्रंथराजांनी साल पाहिलं, म्हणाले, “अहो, हा अब्दुल हमीद! पोत्याने मिळतो,” आणि नाणं परत दिलं. सभा हसली. दादा पुन्हा तिकडे फिरकला नाही. मी दूरच्या विद्यापीठात. नाणं बघायला येतो येतो म्हणेपर्यंत तोच गेला. येताना टॅक्सीत वहिनी म्हणाल्या होत्या, “पैसे यायचे तेवढे येवोत. पण जे हसले होते ना, त्यांना एकदा ऐकायला लागू दे, की माझा माणूस बरोबर होता.”

पण ट्रेमधल्या नाण्यांचा गट एकदा पुकारला की चिठ्ठीवर लिहिलंय तसाच विकला जाणार होता. त्याआधी चिठ्ठी बदलण्याचा अधिकार फक्त सही करणाऱ्याला. आणि शेजारच्या सभागृहातून हातोड्याचे ठोके भिंतीतून येत होते.

मी हातमोजे चढवले आणि नाणी उलटायला लागलो. राज्यवर्ष एकतीस. बावीस. नऊ. यांना सरसकट १८७६ ठरवणं म्हणजे आजोबा, बाप आणि नातू एकाच दिवशी जन्मल्याचा दाखला देणं. पुढचं एक भोक पाडलेलं, कुणीतरी हारात ओवलेलं. पुढचं घासून लख्ख केलेलं, म्हणजे किंमत निम्म्यावर आणलेलं.

“हे किती छान चमकतंय,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचं तर काळंकुट्ट होतं. मी म्हटलं, चिंचेने घासून देऊ का, तर असे किंचाळले की दूध उतू गेलं.”

“काळं? वहिनी, हे आधी सांगायचं!”

“तुम्ही विचारलंत कुठे!”

काळी नाणी ट्रेच्या कोपऱ्यात, रद्दीसारखी. पहिलं: राज्यवर्ष दोन. दुसरं: राज्यवर्ष एक! श्वास रोखून भिंगाखाली धरलं. तुघऱ्याच्या तळाशी अब्दुल, वर वडिलांच्या नावात पुन्हा अब्दुल. अब्दुल हमीद. ठोका पडला, आणखी एक गट गेला. तिसरं नाणं कप्प्यात जरासं तिरकं बसलेलं होतं. मी ते उलटलं. राज्यवर्ष एक. वर बाप तोच, अब्दुल मजीद. पण तळाशी अब्दुल नव्हताच. तळाशी मीम होता, रे होता, अलिफ होता, दाल होता.

“वहिनी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, “मुराद.”

त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की भिंग डोळ्यावरून सुटलं. मी कड तपासली: ओतीव नकलेची शिवण नाही. वजन केलं: चोख. भोक नाही, झीज नावापुरती, आणि वर शतकभराचा अस्पर्श काळिमा.

मग ते तिरकं बसणं आठवलं. कुणीतरी माझ्याआधी ते उलटून पाहिलं होतं. खिडकीशी एक व्यापारी उभा होता, करड्या कोटातला, आणि फार मन लावून जांभई देत होता. त्या दालनात वाचता येणारे आम्ही दोघे, आणि त्यातला एक माझ्या भावाचं नाणं चिल्लरीच्या भावात नेण्याच्या तयारीत.

ग्रंथराज सभागृहाच्या दारातच भेटले. मी ट्रे त्यांच्यापुढे धरला.

“चिठ्ठी दुरुस्त करायची आहे.”

“प्राध्यापक, तुम्ही अजून त्या परीक्षणातच आहात का?” ते हसले. “साल १२९३ आहे ना? मग झालं.”

“साल आहेच. वाचता का जरा, मोठ्याने?” मी दोन काळी नाणी उताणी करून शेजारी ठेवली. “आधी हे.”

“अब्दुल हमीद, बिन अब्दुल मजीद,” ते कंटाळून म्हणाले.

“आता हे.”

“मु...”

ते थांबले. मला राग आला तो त्या क्षणी. त्यांना वाचता येत होतं! अस्खलित येत होतं. फक्त त्यांनी कधी उलटून पाहिलं नव्हतं. ना लिलावात, ना बैठकीत, ना हँडबुक लिहिताना.

“पुढच्या सूचीत शुद्धिपत्र देऊ,” ते हळूच म्हणाले.

“शुद्धिपत्र कोण वाचतं?” वहिनी पुढे झाल्या. “तुम्ही तेव्हा तोंडाने बोलला होतात ना? आता तोंडानेच बोला. व्यासपीठावरून. नाहीतर मी सगळा गट आत्ता परत नेते, आणि भावजी बाहेर उभं राहून सगळ्यांना सांगतील का नेला ते.”

“सविस्तर सांगीन,” मी म्हणालो.

आतून आमच्या गटाचा आकडा पुकारण्याआधीची घंटा झाली. ग्रंथराज ट्रे घेऊन अक्षरशः धावले. त्या देहाला धाव ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

“एक दुरुस्ती,” ते ध्वनिक्षेपकात म्हणाले. “या गटातलं एक नाणं पाचव्या मुरादचं आहे. ते वेगळं विकलं जाईल.” वहिनी मधल्या वाटेत उभ्याच होत्या, हाताची घडी घालून. ग्रंथराजांनी त्यांच्याकडे पाहिलं. “ते संग्राहकाने स्वतः ओळखलं होतं. मंडळाच्या बैठकीत. मी... पाहिलं नव्हतं. ते बरोबर होते.”

सभागृहात कुजबूज उसळली. जुनी मंडळी मागे वळून वहिनींना बघू लागली. एक-दोघांनी मान खाली घातली. करड्या कोटाची जांभई कुठच्या कुठे पळाली होती.

“वहिनी, हवं तर हे नाणं ठेवून घेऊ,” मी म्हणालो. “आठवण म्हणून.”

“छे! मी काय करू त्याचं? घासूही देत नाही कुणी.” त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. “विका. चांगलं चढू दे.”

आणि ते चढलं. करड्या कोटाचा हात वर, पुढच्या रांगेतल्या बाईंचा वर, फोनवरचा कुणी वर, पुन्हा करडा कोट, आता घामाघूम. प्रत्येक आकड्याला वहिनी माझ्या दंडाला चिमटा काढत होत्या. तिकडे ग्रंथराज खाली मान घालून ट्रेमधलं एकेक नाणं उलटत होते.