नवशीने मोडलेली काडी

मी करंज आहे. जामसरच्या झऱ्याकाठचा जुना, वाकडा करंज. मित्रांनो, माझं पान कडू, बी कडू, साल कडू, आणि इतकी वर्षं एका जागी उभं राहून आता बोलणंही कडू झालंय. गोड गोष्ट हवी असेल तर पलीकडच्या आंब्याकडे जा. तो सांगेल, आणि सांगता सांगता स्वतःची स्तुतीही करून घेईल.

मला कुणी लावलं नाही. पुरात एक शेंग वाहत आली, काठच्या चिखलात रुतली, तोच मी. कडूपणाचा एक फायदा झाला, शेळ्यांनी मला तोंड लावलं नाही. मी वाढलो. तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं आणि आमच्या पाड्यात नळ, ब्रश, पेस्ट यातलं काही कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. सकाळी पाण्याला आलेलं माणूस माझी काडी मोडायचं, तिचं टोक चावून कुंचा करायचं आणि दात घासायचं. माझ्या बियांचं तेल दिव्यात जळायचं, खरजेवर लागायचं. "करंज आहे म्हणून आपले दात आहेत," असं म्हातारे म्हणत. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं.

दात घासता घासता बाया आपली सुखदुःखं बोलत. त्यामुळे पाड्यातल्या कुठल्या घरात काय चाललंय, ते मला सगळं ठाऊक असे.

नवशी पोशेऱ्याहून लग्न होऊन आली. लाडकी तिची सासू, सोम्या तिचा नवरा. भारी हसरी पोर! रोज सकाळी माझ्या खोडावर थाप मारून म्हणायची, "काय रे कडू म्हाताऱ्या, दे एक काडी!" म्हातारा म्हणे! तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो. पण तिच्या बोलण्याचा राग कसा तो यायचा नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला तिला दिवस गेल्याचं कळलं. पुढे एका सकाळी ती काडी घासत असताना थुंकीतून रक्त आलं. शेजारी लाडकी हंडा भरत होती. तिने दगडावरचा लाल डाग पाहिला आणि हंडा तसाच खाली ठेवला.

"थांब, थांब! अगं, पोटातल्या पोराचं रगत थुंकतेस तू!"

"आत्या, हिरडीतून येतंय ते."

"हिरडीत कुठून येणार एवढं रगत? पोटातून वर चढतंय ते. आजपासून काडीला हात लावायचा नाय. माझी दोन गेली, तुझं जायला नको."

मित्रांनो, लाडकी दुष्ट नव्हती. आपली दोन पोरं पोटातच गेल्याचं दुःख ती कधी विसरली नव्हती. सुनेचा हंडा ती स्वतः उचलायची. ओढ्यात सापडलेली पहिली चिंबोरी तिच्याच पानात वाढायची. तिला फक्त नातवंड जिवंत हवं होतं. नवशीलाही तेच हवं होतं, म्हणून तिने सासूचं ऐकलं.

दात घासणं बंद झालं आणि तिच्या हिरड्या सुजल्या. पिकल्या करवंदासारख्या काळसर लाल झाल्या. तोंडाला वास येऊ लागला. ती हसताना पदर तोंडावर धरू लागली, आणि मग हसेनाशीच झाली. भाकरी चावेना, नुसत्या पेजेवर दिवस काढायची. सोम्याच्या जिवाला घोर लागला. "आये, हिला जव्हारच्या दवाखान्यात नेतो," असं तो म्हणाला. त्यावर लाडकी म्हणाली, "दाताच्या दुखण्यासाठी कुणी एवढी वाट तुडवतं का? बाळंत झाली की जाईल आपोआप." सुकरी सुईणीनेही होकाराची मान डोलावली. दोघी जाणत्या बाया एक बोलल्यावर सोम्या काय करणार?

एका दुपारी नवशी एकटीच पाण्याला आली. गाल धरून ती बराच वेळ माझ्याखाली बसली. मग इकडेतिकडे बघून तिने माझी सगळ्यात बारीक काडी मोडली. "एकदाच रे," असं मला म्हणाली. हळूहळू घासलं, थुंकली, आणि दगड लाल झाला. तिने घाबरून ओंजळी-ओंजळीने पाणी ओतून तो दगड धुतला. "देवा, पोराला काय होऊ देऊ नको," असं पुटपुटत ती घरी गेली.

आणि मित्रांनो, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती बाळंत झाली. भात झोडून झाल्यावर यायचं ते पोर, भाताला लोंब्या फुटत होत्या तेव्हाच, दोनेक महिने आधी आलं. मुलगा होता. एवढासा! मुठीत मावेल असं डोकं. त्याला दूध ओढता येईना.

लाडकी त्याला मांडीवर घेऊन माझ्या सावलीत बसायची. शिजलेला भात स्वतःच्या तोंडात चावून अगदी मऊ करायची आणि बोटाने त्याच्या जिभेवर ठेवायची. तिचे स्वतःचे दात किडलेले होते. पण पाड्यात सगळ्याच आज्या असंच भरवत, मग तिला तरी कोण सांगणार? माझ्या फांदीवरची बुलबुल आपल्या पिलांना चोचीने भरवते, तसंच मला ते वाटलं. मला ते फार आवडायचं.

मग पोराच्या जिभेवर पांढरा थर चढला. अंग तापलं. रडणं बारीक होत गेलं आणि एके सकाळी थांबलं. त्याचं नावही ठेवायचं राहिलं होतं. सोम्याने माझ्यामागच्या उतारावर खड्डा खणला. लाडकी तिथे जमिनीवर पडून इतकी रडली, की तिला उठवून न्यावं लागलं.

सगळे गेल्यावर नवशी माझ्यापाशी आली. खोडाला डोकं टेकवून म्हणाली, "एकदाच घेतली रे तुझी काडी. एकदाच. आत्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाय. मीच थुंकलं माझ्या पोराचं रगत."

हे तिने दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पुढे तिला लेकी झाल्या, त्या वेळी तिने काडीकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकी जगल्या. मग तर तिची खात्रीच पटली. तिचे दात लवकर पडले, तोंडाचं बोळकं झालं. म्हातारपणी ती पाणवठ्यावर बसायची आणि पोटुशी पोर माझ्याजवळ दिसली की ओरडायची, "टाक ती काडी! पोर हवंय ना तुला?" पोरी घाबरून काडी टाकून द्यायच्या. कळवळून सांगायची हो ती. असंच सांगत सांगत ती गेली.

आता माझी काडी कुणी मोडत नाही. बिया खाली पडून कुजतात. झऱ्यावर सिमेंट झालं, घराघरात रंगीत ब्रश आले. माझी सावली तेवढी उरली. त्या सावलीत सतरंजी टाकून आरोग्य केंद्राची नर्सबाई पाड्यातल्या गरोदर बायांना तपासते. परवा एक पोर, धाकली तिचं नाव, खाली मान घालून म्हणाली, "बाई, घासलं की रगत येतं. आजी म्हणते, ते पोराचं आहे. म्हणून मी घासत नाय."

नर्सबाई म्हणाली, "नाही गं. ते तुझ्याच हिरडीचं आहे. या दिवसांत हिरड्या सुजतात, पुष्कळ जणींना होतं. घासणं सोडलंस तर ते वाढेल. आजार फार वाढला तर बाळ लवकर आणि बारीक जन्मायची भीती असते. मऊ ब्रशने हलकं घास, आणि दाताच्या डॉक्टरला दाखवू. आणि बाळ झालं की कुणी चावलेलं त्याच्या तोंडात घालायचं नाही हं. आपल्या तोंडातले जंतू त्याच्या तोंडात जातात. पहिले सहा महिने त्याला फक्त अंगावरचं दूध दे."

एवढंच. इतकं साधं उत्तर होतं ते. माझ्या सावलीत यायला त्याला शंभर वर्षं लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी आई, काकी, ताई, कुणीही पोटुशी असेल आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तिला हे सांगा. तिला डॉक्टरकडे घेऊन जा. घरातलं माणूस मायेने सांगतं, पण माया असली म्हणजे माहिती असतेच असं नाही. तेव्हा विचारायला लाजू नका.

आणि नवशी, तुझं पोर कशाने गेलं, ते मला आजही ठाऊक नाही. वेळेआधी आलं, अशक्त होतं, कोण काय सांगणार? पण त्या एका काडीने नाही गेलं, पोरी. त्या काडीने नाही गेलं.