ऐनवेळचा बाप

सोळाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती की देवाने मला दोन गोष्टी भरभरून दिल्या आहेत, विश्वास आणि अभिनय. विश्वासाचं अजून नक्की सांगता येत नाही. अभिनयाचा निकाल मात्र त्या उन्हाळ्यात एका गिरणीवाल्याने लावला, तोही भर अंगणात, सगळ्या गावासमोर.

आमच्या चर्चचा तरुण संघ सुट्टीत कुठल्या तरी आडगावी सेवेला जायचा. सेवा म्हणजे सकाळी काहीतरी बांधकाम, दुपारी लहान मुलांचे खेळ आणि गाणी, आणि शेवटी एक नाटक. त्या वर्षीचं गाव पक्का रस्ता संपल्यावरही बरंच पुढे होतं. तिथल्या छोट्या चर्चला कुंपणाची भिंत हवी होती. मी पहिल्याच सकाळी विटेखाली बोट चेंगरून घेतलं आणि त्यानंतर बाकीच्यांना सल्ला द्यायचं काम पत्करलं.

मला खरं तर नाटकासाठीच यायचं होतं. बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट होती. बापाकडून वाटणी मागून घेणारा, ती उडवून डुकरं राखायची पाळी आलेला, आणि शेवटी पडलेलं तोंड घेऊन घरी परतणारा मुलगा मी. ही भूमिका मिळावी म्हणून मी संघ चालवणाऱ्या दादामागे इतकी भुणभुण लावली होती की तो बँकेत कामावर असतानाही मी काउंटरसमोर जाऊन उभा राहायचो. शेवटी तो कंटाळून हो म्हणाला. घरी मी सांगितलं, देवाची योजना आहे.

बापाचं काम संघातल्या ढब्ब्याकडे होतं. त्याला कापसाची दाढी लावली की तो बाप कमी आणि उशी जास्त दिसायचा, पण मला तेही बरंच वाटत होतं. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच राहिलं असतं.

मी आणि ढब्ब्या गिरणीवाल्यांच्या घरी उतरलो होतो. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या. इंजिन सुरू झालं की ताटातली भाकरीसुद्धा थरथरायची. जन्मभर त्या आवाजात राहिल्यामुळे गिरणीवाले काका साधं बोलतच नसत. ‘जेवलास का?’ हेसुद्धा ते असं विचारायचे, की न जेवलेल्याने गुन्हा कबूल करावा. त्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या असायच्या. काकू कमी बोलायच्या. घरातलं बोलणं काकांनी एकट्याने संपवून टाकलं होतं म्हणा ना.

आम्हाला दिलेल्या खोलीत एक लांबलचक खाट होती आणि भिंतीवर ट्रकची चित्रं चिकटवलेली होती. ती कुणी चिकटवली, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी गावाला प्रेमाचा संदेश द्यायला आलो होतो, चौकशा करायला नाही. शिवाय खोलीत आरसा होता आणि मी त्याच्यासमोर रडण्याचा सराव करत होतो.

नाटकाच्या आदल्या दिवशी मी काकूंना म्हणालो, “काकू, एखादा फाटका शर्ट मिळेल का? भिकाऱ्याचा वेष करायचाय.”

“फाटका नाही,” त्या म्हणाल्या. “जुना आहे एक.”

त्यांनी ट्रंकेतून निळा शर्ट काढला, त्याच्यावरून हात फिरवला, आणि जरा वेळाने माझ्या हातात दिला. “सांभाळून वापर हां.”

मी तो गिरणीच्या कडेला नेला, बाही खांद्यापासून चर्रकन फाडली आणि वर थोडं इंजिनाचं काळं तेल चोळलं. कलेसाठी काहीतरी सोडावं लागतं. शर्ट दुसऱ्याचा असला की सोडायला सोपं जातं.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात गाव जमलं. चर्चमधले आले, चर्चशी ज्यांचा काही संबंध नव्हता तेही आले. आणि नेमका तेव्हाच ढब्ब्या पोट धरून शेताकडे पळाला. परत आला, पुन्हा पळाला.

दादाने घाम पुसत सगळीकडे नजर टाकली. त्याला काका दिसले. उंच, भारदस्त, आवाज असा की मागच्या रांगेची चिंताच नको, आणि भुवया आयत्याच पांढऱ्या.

“काका, अगदी थोडं काम आहे,” दादा म्हणाला. “शेवटी हा परत येईल, गुडघ्यावर बसेल. तुम्ही पळत जायचं आणि मिठी मारायची. बस.”

“पळायचं कशाला?”

“आनंदाने.”

“बरं,” काका म्हणाले.

सुरुवातीचा भाग दादाने गोष्टीसारखा सांगितला आणि मी तो करून दाखवला. पैसे उडवले, उपाशी राहिलो, डुकरांच्या पुढ्यातलं खावंसं वाटल्याचं दाखवलं. मग विहिरीच्या बाजूने लंगडत लंगडत आलो. मूळ गोष्टीत मुलगा लंगडत नाही. ती भर माझी. तळहातावर डोकेदुखीचा बाम चोळून ठेवला होता, म्हणजे ऐनवेळी डोळ्यांना हात लावला की झालं.

मी काकांसमोर खडीवर धाडकन गुडघे टेकले. “बाबा! मी चुकलो! मला मुलगा म्हणू नका, नोकर म्हणून तरी ठेवून घ्या!”

आणि मिठीची वाट पाहत थांबलो.

काका पळाले नाहीत. ते माझ्या खांद्याकडे बघत होते.

“हा शर्ट कुणी फाडला?”

हे वाक्य आमच्या नाटकात नव्हतं. पण मुरलेला नट गडबडत नाही. “डुकरांनी,” मी म्हणालो.

सगळं अंगण हसलं. काका हसले नाहीत.

“इतके दिवस होतास कुठे?”

“दूर देशी, बाबा.”

“तिथे फोन नव्हते?”

भिंतीआडून दादा कुजबुजला, “मिठी, काका, मिठी!”

“थांब रे. विचारू दे मला,” काकांनी त्याला झटकलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. “तुझी आई पाण्याला गेली की लांबच्या वाटेने परत येते. रस्त्यावरून. भरली घागर घेऊन. मी बघतो आणि गप्प बसतो. आहे का तुला माहीत?”

आता कुणीच हसत नव्हतं. गावाला कधीच कळलं होतं. शेवटी मलाही कळलं, की काका माझ्याशी बोलत नाहीयेत. त्यांच्या घरी राहून, त्यांच्या मुलाच्या खाटेवर झोपून, त्याच्याच शर्टात उभं राहून हे मला तेव्हा कळलं. म्हणजे तेव्हा गुडघ्यावर होतो.

घाबरून मी चेहऱ्यावरून हात फिरवला. बामाचा हात. डोळ्यांत आग उठली, पाणी धो धो वाहू लागलं, नाकही सुटलं.

“रडण्याचं नाटक करू नकोस,” काका म्हणाले.

“नाही हो,” मी म्हणालो, आणि ते खरं होतं. काहीच दिसत नव्हतं. पाठ केलेली वाक्यं सगळी पळून गेली होती. मी माझ्या बापाशी भांडल्यावर जे पोटात असतं आणि कधी बाहेर येत नाही, तेच तोंडाला आलं. “मला राग आला होता. वाटलं, तुम्ही बोलवाल.”

काका एक पाऊल पुढे आले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला. “मला वाटलं, तू येशील.”

बायकांमधून काकू उठल्या. “आता पुरे,” त्या म्हणाल्या. “पोराचे गुडघे फुटले.” त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि स्वतःच्या बाहीने माझं तोंड पुसलं.

“तेच मघापासून म्हणतेय,” एक आजी जोरात बोलल्या, “या गोष्टीत आई गेली कुठे?”

मिठी झालीच नाही. काकांनी बाहीचं लोंबतं टोक खांद्याला लावून पाहिलं, ते काही बसेना, तेव्हा सोडून दिलं आणि चालू लागले. थोड्या वेळात गिरणीचं इंजिन सुरू झालं. रविवारी. दादाने शेवटची प्रार्थना केली ती त्या आवाजात देवाशिवाय कुणालाच ऐकू आली नसेल.

मी ठरवून आलो होतो की माझं काम बघून लोक हमसून रडतील आणि पश्चात्ताप करतील. प्रत्यक्षात एक म्हातारबाबा तेवढे जवळ आले, आणि डुकरं बाही अशी फाडत नाहीत एवढं सांगून गेले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात बसून बाही शिवत होत्या. मी जवळ जाऊन नुसताच उभा राहिलो.

“त्याला ट्रक चालवायचा होता,” त्या सुईकडे बघत म्हणाल्या. “हे म्हणाले, गिरणी कोण बघणार? शब्दाला शब्द वाढला. गेला. शहराच्या अलीकडे एका गॅरेजात असतो म्हणे.”

“काकू, शर्टाचा राग आला ना तुम्हाला?”

“आला की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं नाटक चाललं होतं ना,” त्या म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

निघायच्या सकाळी काका आमच्या गाडीपाशी उभे होते. अंघोळ केलेले, भुवया काळ्या, त्यामुळे मी पटकन ओळखलंच नाही. काखेत एक गाठोडं.

“जागा आहे का?” त्यांनी विचारलं, म्हणजे गरजले, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या शेजारी बसले.

गाडी पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत गाठोडं मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, “तुला अभिनय येत नाही.”

“हो, काका.”

“गुडघ्यावर बसला होतास आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून लोकांकडे बघत होतास.”

“हो, काका.”

“शेवटी शेवटी बरा होतास. पण तेव्हा तुला दिसत नव्हतं.”

माझ्या अभिनयाचं इतकं नेमकं परीक्षण पुढे कुणी केलं नाही.

शहराच्या अलीकडे टायरांच्या ढिगाशेजारी एक गॅरेज आलं. काका उतरले, सदरा खाली ओढला आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मीही उतरायला निघालो. बापलेकाच्या भेटीला माझी गरज लागेल असं मला मनापासून वाटत होतं. दादाने माझी कॉलर धरली. “तू बस.” गाडी सुटली आणि आम्हाला काही म्हणता काही दिसलं नाही.

पुढचं गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दादाला कळवलं. मुलगा काकांबरोबर गावी आला, काही दिवस राहिला, काकूंनी त्याला पोटभर बघून घेतलं. मग त्याच ट्रकवरून दोघांचं पुन्हा वाजलं आणि तो गॅरेजात परतला. पण आता फोन करतो. काका फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की घरात काय चाललंय ते अख्ख्या गावाला कळतं.

पुढच्या उन्हाळ्यात संघ दुसऱ्या गावी गेला. दादाने मला पडदा ओढायच्या कामावर ठेवलं. मी काही खळखळ केली नाही. म्हणजे थोडीशी केली.