धबधब्यावरची खांदशेकणी

त्या रविवारी सादिकला पदरात पाडून घ्यायचं होतं ते एवढंच: भज्यांच्या गाडीवरची फाटकी ताडपत्री जाऊन तिथं टिनाचं छप्पर. मालेगाव-शिरपूर रस्त्यालगत जंगलातला नाला पुरुषभर उंचीवरून पडतो, तिथं त्याची गाडी. धबधबा पावसाळ्यापुरताच. आधीचे रविवार झडीनं खाल्ले होते, तेव्हा छपराची सारी भिस्त या एकावर. त्याच्या बायकोनं, हुस्नाबानोनं, सकाळीच दूरच्या हापशीवरून चहा-भज्यांचं पाणी आणून टाकी भरून ठेवली होती.

नेमका दुसऱ्या दिवशी पोळा. म्हणजे आज खांदशेकणी: बैलांना आंघोळ घालायची, वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-लोण्यानं मळायचे. गावचे बैल याच धबधब्याखाली धुतले जातात, आज्या-पणज्यांपासून. गिऱ्हाइकं त्या मानानं कालची. गावातल्या जगदेवची जोडी पुढे आणि मागे गावभरच्या जोड्या येताना दिसल्या, तसा सादिकनं कपाळाला हात लावला. मग गरम भज्यांचा पुडा घेऊन तो जगदेवला आडवा गेला.

"जगदेवभाऊ, आजच्या दिवस इथं खाली नोका धुऊ. फिराले येनारे लोकं नाक मुरडतात. वर घेऊन जा ना."

जगदेव भला माणूस, त्यात भजी खाल्लेला. त्यानं सगळ्या जोड्या वळवल्या आणि टेकाडावरून वर नेल्या. सादिकला हायसं वाटलं. वर म्हणजे नेमकं कुठे, हे पाहायला काही तो गेला नाही.

बैल पाण्यात उतरेपर्यंत खाली भिजायला गर्दी जमली होती. जऊळक्याचे हरीओम सर पांढऱ्या शर्टात थेट धारेखाली उभे राहिले आणि बायकोला, वर्षाराणीला, फोटो काढ म्हणाले. तिनं मोबाईल धरला आणि हळूच खाली घेतला. धार हिरवट झाली होती. शेण होतं तिच्यात, कडबा होता, आणि सगळं सरांच्या डोक्यावरून उतरत होतं.

सादिक धापा टाकत वर पोचला. धबधब्याच्या माथ्यावर नाल्यात बैलच बैल, मधोमध जगदेव, हातात काथ्या.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"तूनंच म्हनलं ना, वर घेऊन जा. आनले वर. आता काय झाडावर चढवू?"

जगदेवची चूक काढायला जावं तर सापडेना, म्हणून सादिक जास्तच चिडला.

खाली येतो तर वास मारणारी माणसं गाडीला वेढा घालून पाणी मागत होती. नाही कसं म्हणणार? टाकी त्यांच्या अंगावर रिकामी झाली. पाणी संपलं, तसा चहा संपला, बेसन कोरडंच राहिलं. हुस्नाबानो घागर उचलून पुन्हा हापशीकडे निघाली, जाता जाता सादिकला म्हणाली,

"पानी वरूनच खाली येते ना जी? का तुमच्यासाठी येगळं?"

ती भरून परत येईपर्यंत गर्दी घरोघर पोचली होती.

शेवटी जमाखर्च असा. बैल लखलखीत. जगदेवला फुकट भजी. हरीओम सरांना आंघोळ, वर शाळेत सांगायला गोष्ट. ताडपत्री होती तिथंच. संध्याकाळी गावात बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळले जात होते. घागरी वाहून हुस्नाबानोचे खांदे भरून आले होते. ते शेकावेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, सादिकच्याही.