उघडं बॉनेट

लायलनं किल्ली फिरवली, तर मोटारघर, म्हणजे राहायची सोय असलेली त्याची मोठी गाडी, साधं खाकरलंही नाही. त्यानं पुन्हा फिरवली. समोर एक तांबडा दिवा लुकलुकला आणि विझला. खिडकीबाहेर त्याची लेक जनेल हाताची घडी घालून उभी होती. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असं ती म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. पण तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि ते लायलच्या नजरेतून सुटलं नाही.

सकाळी न्याहारीला बापलेकीचं ठरलं होतं ते असं. सूर्य समोरच्या काळ्या डोंगराआड जायच्या आत लायलनं गाडी सुरू करून दाखवायची, आणि घराच्या छपरावरचा कूलरही. जमलं, तर दरसालाप्रमाणे तो आणि त्याची बायको आर्लीन उन्हाळाभर गाडी घेऊन वर फ्लॅगस्टाफला, पाइनच्या रानात जाणार आणि थंडी पडली की बाउज गावाबाहेरच्या या आपल्या घरात परत येणार. नाही जमलं, तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी टूसॉनला, जनेलच्या जवळ, खास म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत राहायला जायचं. जागा बघून झाली होती. तिथं रोज संध्याकाळी बिंगो खेळतात. बिंगोचं नाव काढलं की लायलच्या कपाळाला आठी पडायची.

जनेलला काही हौस नव्हती. नाताळात ती आली तेव्हा गाडीचं बॉनेट सताड उघडं होतं. दिवसाही आणि रात्रीही. बाबा विसरला असं समजून तिनं ते बंद केलं. त्याच आठवड्यात शेगडीचा गॅस चालूच राहिला, तेव्हा तिनं गाडीला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन ती टूसॉनला गेली. लायल तेव्हा उंदरांबद्दल काहीतरी सांगत होता. आजारी माणसाचं ऐकून घेतात तसं तिनं ते ऐकून घेतलं. मग फोनवर सुरू झालं. आज पान्याची अर्ध्या इंचाची गोटी सापडत नाही, आज चमचा, आज कूलरच्या नळीचा पितळी नट. एकदा तर तो म्हणाला की अवजारांच्या पेटीतून त्याची वस्तू गेली आणि तिच्या जागी कुणीतरी निवडुंगाचा तुकडा ठेवला. जनेलनं फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी टूसॉनच्या जागेची चौकशी केली.

लायल खाली उतरला. बॉनेटची कळ ओढली तर ते बोटभर उचललं गेलं आणि अडलं. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

एवढ्यात वेंडल आला. वेंडल म्हणजे शेजारी. शेजारी म्हणायचं एवढंच, तो राहतो ती जुनी बस दिसायला दुर्बीण लागते. पण कुणाचं काही बिघडलं की त्याला वास कसा लागतो कोण जाणे, तो घडीची खुर्ची काखेत मारून हजर. खुर्ची सावलीत मांडून तो बसला आणि म्हणाला, "चालू दे. मला काही घाई नाही."

"बसलास काय, म्हाताऱ्या? खांदा लाव."

दोघांनी मिळून जोर लावला. बॉनेट उघडलं आणि जनेल दोन पावलं मागे सरकली.

इंजिन दिसतच नव्हतं. इंजिनाच्या जागी काटक्यांचा, वाळक्या शेणाचा आणि चोला निवडुंगाच्या काटेरी तुकड्यांचा ढीग होता, अगदी वरपर्यंत दाबून भरलेला. ढिगाच्या मधून कसलीशी हालचाल झाली, एक भलामोठा राखाडी उंदीर चाकावरून उडी मारून निघाला आणि झुडपात दिसेनासा झाला. लायलनं टोपी काढली. त्याचा चेहरा इतका उजळला होता की जनेलला वाटलं, यानं ढिगाऐवजी दुसरंच काहीतरी पाहिलं.

"हे वाळवंटी उंदीर," तो तिला म्हणाला, "अंधारी जागा मिळाली की घर करतात. म्हणून आम्ही बॉनेट उघडं ठेवतो. उजेड आणि घुबड, दोन्हींना घाबरतात."

"मग हे बंद कुणी केलं?" वेंडल खुर्चीतून म्हणाला. "अख्ख्या बाउजमध्ये कुणी करणार नाही."

आर्लीन दारात येऊन उभी होती. "वाऱ्यानं पडलं असेल," ती म्हणाली.

वारा कुलूप घालत नाही हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

"मी केलं," जनेल म्हणाली.

लायलला रागवायला वेळच नव्हता. त्यानं आर्लीनकडून मांस भाजायचा लांब चिमटा मागवला, जाड हातमोजे मागवले, तोंडाला रुमाल बांधला. वेंडलनं बजावलं की आधी क्लोरीनचं पाणी मार, भिजू दे, नाहीतर उंदरांची घाण छातीत जाईल. पाणी मारून झालं. भिजेपर्यंत थांबायचं होतं, तेही त्याच्यानं होईना. तो गाडीभोवती फेऱ्या घालत राहिला. मग काढायला सुरुवात झाली. काटक्या एका बाजूला. चोलाचे तुकडे दुसऱ्या बाजूला, आणि ते हाताला, बाहीला चिकटले की आर्लीन कंगव्यानं उडवायची. ही आमच्याकडची पद्धतच आहे. इथं टक्कल पडलेल्या माणसाच्याही खिशात कंगवा असतो.

आणि मग चिमट्याला काहीतरी खटकन लागलं.

लायलनं ते वर काढलं, पाण्यात बुडवलं, उन्हात धरलं. अर्ध्या इंचाची गोटी.

त्यानं ती जनेलला दिली नाही, दाखवलीही नाही. अंगणात जुन्या पत्र्याचा एक तुकडा पडला होता, त्याच्या मधोमध त्यानं ती ठेवली आणि पुन्हा ढिगात हात घातला. चमचा निघाला. बाटलीची झाकणं निघाली. आर्लीनच्या वाचायच्या चष्म्याची एक काडी निघाली, आणि ती म्हणाली, "घ्या! मी इतके दिवस मांजरीला शिव्या घालत होते." वेंडलच्या कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला निघाला, तेव्हा मात्र वेंडल खुर्चीतून उठला. पुढं त्यालाही चैन पडेना. तो आणि लायल पोरांसारखे ढिगावर वाकले आणि 'सरक, मला दिसत नाही' म्हणून एकमेकांना कोपरं मारू लागले.

"पण त्या जागी निवडुंग कशाला ठेवतात?" जनेलनं विचारलं.

"ठेवत नाहीत गं, टाकतात," वेंडल म्हणाला. "तोंडात काटकी घेऊन चाललेला असतो. वाटेत चकाकणारं दिसलं की तोंडातलं टाकतो आणि ते उचलतो. इथं सगळ्यांच्याच पेट्यांत निवडुंग सापडतो. तुला सांगितलं नाही बापानं?"

सांगितलं होतं. जनेलनं रुमाल बांधला आणि दुसरा चिमटा आणायला ती घरात गेली.

पितळी नट तिलाच सापडला. त्यावर लायल असा काही खूश झाला की इंजिन अर्धवट सोडून आधी शिडीच निघाली. जनेलनं शिडी धरली. वर छपरावर पत्रा इतका तापला होता की लायल गुडघ्याखाली पोतं घेऊन बसला. आयुष्यभर त्यानं लोकांची छपरं घातली होती. छपरावर गेला की त्याचं वय खालीच राहायचं. त्यानं नळी जोडली, नट आवळला, कूलरच्या टाकीत पाणी सोडलं आणि खाली ओरडून आर्लीनला बटण दाबायला सांगितलं. आधी नुसतीच घरघर झाली. मग घरातल्या जाळीतून कूलरमधल्या ओल्या लाकडी गवताचा तो वास आला, उन्हाळ्याचा पहिला गार वास, आणि आर्लीन जाळीखाली डोळे मिटून उभी राहिली.

राहिली होती गाडी. ढीग संपला तशा खाली कुरतडलेल्या तारा दिसल्या. वेंडल म्हणाला, तारांचा नवा संच मागव, आठवडा लागेल. लायलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कुशीवर वळून आत शिरला आणि एकेक तार हातात घेऊन सांगू लागला: ही इंधनाच्या पंपाची, ही स्टार्टरची, ही बिनकामाची, हिच्यावर रेडिओ होता तो तूच मोडलास, म्हाताऱ्या. त्यानं तारांची सालं काढली, टोकं पिळली, काळी चिकटपट्टी गुंडाळली. जनेल दिवा धरून उभी होती. बापाची बोटं कुठं अडखळतात का, हेच ती बघत होती, आणि बोटं अडखळत नव्हती. तिला इतकं बरं वाटत होतं की दिवा धरलेला हात बदलायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

सूर्य डोंगराच्या वर हातभर उरला होता. लायल चढून बसला. या वेळी किल्ली फिरवण्याआधी तो थोडा थांबला. गाडी खोकली, थरथरली, मागून काळा धूर सोडला आणि सुरू झाली.

वेंडलनं खुर्चीची घडी डोक्यावर धरून गोल गिरकी घेतली. लायलनं हॉर्न दाबला आणि बराच वेळ सोडला नाही. खाली उतरून त्यानं जनेलला मिठी मारली. त्याच्या अंगाला क्लोरीनचा, डिझेलचा आणि उंदरांचा वास येत होता, आणि ती त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून हसत होती, रडतही होती. "मला वाटलं होतं, तू..." ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं," लायल म्हणाला. "रात्री पडल्या पडल्या तेच वाटायचं. म्हटलं, माझं डोकं कामातून चाललं की काय."

मग तो पत्र्याकडे वळला आणि आपल्या वस्तू बघत उभा राहिला. गोटी, चमचा, काडी, झाकणं. बघता बघता त्याचं हसू थोडं विरलं.

"माझा मोजायचा टेप?"

तो पिवळा टेप जनेल लहानपणापासून बघत आली होती. धातूचा, मुठीत मावणारा, पाठीवर खिळ्यानं कोरलेलं नाव. कामावर असताना तो कायम लायलच्या पट्ट्याला अडकवलेला असायचा. वेंडलनं काटक्यांचा ढीग पुन्हा उलटापालटा केला. जनेलनं गाडीखाली पाहिलं. टेप नव्हता.

"त्यांनीच नेला असणार," लायल म्हणाला. "नाहीतर कुठं जाईल?" शेवटचं तो त्यांना विचारत होता की स्वतःला, ते कळत नव्हतं.

"आधी चहा घ्या," आर्लीन म्हणाली आणि घरात गेली. जरा वेळानं ती बर्फाच्या चहाचे पेले घेऊन आली, पेले वाटले, आणि पत्र्याजवळ वाकली. सरळ झाली तेव्हा म्हणाली, "हा काय इथं. झाकणांच्या खाली. तुम्हा तिघांना डोळे आहेत की नुसत्या खाचा?"

पत्र्यावर टेप होता. जनेल सगळ्यांत जवळ होती. मघाशी तिथला चमचा उचलताना तिचं बोट भाजलं होतं, म्हणून तिनं टेप बेतानंच उचलला.

तो थंडगार होता. हाताला चटका बसावा इतका थंड. पट्ट्याला अडकवायच्या कडीच्या खाचेत बर्फाचा एक बारीक कण होता. तिच्यादेखत त्याचं पाणी झालं आणि वाळूनही गेलं. उंदीर कुठलीही वस्तू घरातल्या बर्फाच्या कप्प्यात नेऊन ठेवत नाहीत.

तिनं मान वर केली. आर्लीन तिच्याकडे बघत नव्हती. ती वेंडलला आणखी साखर हवी का म्हणून विचारत होती, वेंडल कधी साखर घेत नसताना.

"सापडला?" लायल लगबगीनं येत होता.

जनेलनं मूठ मिटली.

"थांब, बाबा. आधी किल्लीचं ठरू दे." तिनं दुसरा हात पुढं केला. लायलनं गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली, जरा बिचकतच. ती तिनं आर्लीनला दिली. "आई चालवेल. डोंगरातल्या वळणांवरून शाळेची बस आयुष्यभर हिनं हाकली, आणि या गाडीत तू हिला नुसता नकाशा बघायला बसवतोस. मी माझ्या गाडीनं मागोमाग येते. फ्लॅगस्टाफपर्यंत. दर महिन्याला येईन."

आर्लीननं किल्ली घेतली. आता मात्र तिनं लेकीकडे पाहिलं, आणि लगेच पेला खाली ठेवायच्या निमित्तानं मान वळवली.

"आणि मी काय करू?" लायलनं विचारलं. तक्रार होती, पण फारशी नव्हती. सुरू झालेल्या इंजिनाचा आवाज अजून त्याच्या कानात होता.

"तू रोज रात्री बॉनेट उघडं ठेव," जनेल म्हणाली. "ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात राहत नाही."

वेंडल मोठ्यानं हसला. लायलही हसला. जनेलनं टेप मुठीत घट्ट धरून ठेवला होता, वरून दुसराही हात दाबला होता. तळव्यातला गारवा कमी कमी होत गेला. तो पुरता गेल्याची खात्री झाल्यावरच तिनं मूठ उघडली आणि टेप बापाच्या पट्ट्याला अडकवला.

लायलनं तो चाचपून पाहिला.

"बघ की," तो कौतुकानं म्हणाला, "उन्हात पडून किती तापलाय."