बाबांच्या दगडातली वाटी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पंपरूमच्या मागे एक जुनं गॅरेज आहे. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं निवृत्त माणसं तिथे सुतारकाम करायला जमतो, असं सोसायटीला वाटतं. खरं म्हणजे आम्ही भांडायला जमतो, आणि भांडून दमलो की थोडं लाकूड तासतो.

भांडण एकाच गोष्टीवरून. हत्यारांना धार कशी लावायची? नंदू प्लास्टिकच्या टबात जपानी दगड भिजत घालतो, साबुदाणा भिजवावा तसा, आणि दगड पाणी पिऊन तयार होईपर्यंत आम्हाला व्याख्यान देतो. शिवदास एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. त्याच्याकडे हिऱ्याची पूड बसवलेली पोलादी पट्टी आहे आणि पटाशी ठरलेल्या कोनात धरून ठेवणारी छोटी चाकाची गाडी आहे. कोन जरा चुकला तर याचा चहा कडू होतो. नंदू त्या गाडीला बाबागाडी म्हणतो.

आणि मी, उत्तरा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेली बाई. माझ्याकडे बाबांचा तेलाचा दगड, त्यांचा रंधा आणि दोन पटाश्या.

बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरला भटवाडीत आमच्या खोलीसमोरच्या गॅलरीत बसून पाट, चौरंग, देव्हारे करायचे. संध्याकाळी काम आवरलं की दगड मांडीपुढे घेऊन हत्यारांना धार लावत बसायचे. तेल घालायचं काम माझं. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन मी समोर उकिडवी बसायचे. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून दगडाच्या मधोमध खळगा पडला होता. मी त्याला वाटी म्हणायचे. तेलाचे थेंब त्या वाटीत जमायचे आणि तिथेच राहायचे. मी घाई केली की बाबा म्हणायचे, “हळू गो. दगड खंय पळान जाता?”

बाबा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. त्यांचा आवाज मला आठवतो असं मी सगळ्यांना सांगते, पण तो खरंच त्यांचा आवाज आहे की मीच मनाने रचलेला, याची खात्री देता येत नाही. वाटीची मात्र खात्री होती. अंगठा टेकवला की बसायचा. एवढं एकच ठिकाण उरलं होतं जिथे त्यांचा हात रोज फिरला होता.

शिवदासला ती वाटी बघवायची नाही.

“उत्तरा, दगड सपाट पाहिजे ना गं. खळग्यात घासलं तर पात्याच्या धारेला मधे पोट येणारच. सरळ धार लागणार कुठून?”

“माझे छिलके निघतात ना? मग तुझं काय जातं?”

“निघतात, पण मधे जाड आणि कडेला पातळ. पटाशी तर कोपऱ्यात बसतच नाही तुझी.”

मला चीड यायची, कारण तो बरोबर बोलत होता. माझ्या पटाशीने खाच कधी धड चौकोनी झाली नाही. पण बरोबर असणं आणि समोरच्याला ते दर रविवारी ऐकवणं यात फरक असतो की नाही?

यंदा पावसाळ्यानंतर मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि हत्यारांची पिशवी गॅरेजमध्येच ठेवून काही दिवस लेकीकडे, नीलमकडे, बोरिवलीला जाऊन राहिले. परत आले त्या रविवारी दोघं माझी वाट बघत होते. शिवदासच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लहान मुलासारखा चेहरा करून त्याने ते माझ्यापुढे धरलं.

“उघड. डोळ्याच्या ऑपरेशनची भेट.”

उघडलं. आत माझाच दगड होता, नव्यासारखा सपाट.

“काचेवर खरखरीत पूड टाकून घासला,” तो सांगायला लागला. “दगडावर आधी पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासत राहायचं. कडेच्या रेघा पटकन गेल्या. मधल्या काही केल्या जाईनात. खांदा धरला माझा, पण सोडलं नाही. आता बघ, आरसा आहे.”

मी अंगठा ठेवला. तो घसरून कडेला गेला.

मधल्या रेघा काही केल्या जाईनात, हे त्याने हसत सांगितलं होतं. मला मात्र कुणीतरी आत घट्ट बसलेल्या माणसाला ओढून बाहेर काढावं तसं झालं. मी शिवदासला बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढं म्हटलं, “माझे बाबा होते ते, मूर्खा.” आणि वर निघून आले. मागे नंदूचं हळूच ऐकू आलं, “वाट लावलीस ना यार.”

पुढचे रविवार मी खाली गेले नाही. शिवदासचे फोन घेतले नाहीत. नंदू एकदा हत्यारांची पिशवी वर आणून देऊन गेला, दारातूनच. म्हणाला, “तो गॅरेजमध्ये येतो आणि नुसता बसून राहतो गं.” मी म्हटलं, “बसू दे.” पण सांगायला हरकत नाही, रविवारची सकाळ मलाही खायला उठायची. भांडायला माणूस नसलं की घर फार मोठं वाटतं.

मग एका सकाळी बाबांनी केलेला फणसाचा पाट गॅलरीतल्या उन्हात टाकायला काढला. पावसात खालच्या बाजूला बुरशी धरते. पाट उलटा केला आणि ओल्या फडक्याने पुसायला लागले. डोळ्याला अजून उजेड सोसत नव्हता, म्हणून डोळे मिटूनच हात फिरवत होते. हाताला लाटा लागल्या.

पाटाची वरची बाजू बाबांनी गुळगुळीत केलेली. खालची कोण बघतं, म्हणून तिथे रंधा मारून तशीच सोडलेली. त्या बाजूला एकाशेजारी एक उथळ पन्हळी होत्या, बोटांना कळतील इतपत. जन्मभर त्या पाटावर जेवले, पण उलटा करून कधी हात फिरवला नव्हता.

मी उठून रंध्याचं पातं काढून आणलं. त्याची पोट आलेली धार एका पन्हळीत टेकवली. अगदी बसली. दगडातल्या वाटीने पात्याला पोट दिलं होतं आणि पात्याने ते पाटावर उतरवलं होतं. शिवदास ज्याला चूक म्हणत होता ती चूक इथे पाटभर पसरली होती. पन्हळीत अंगठा ठेवला आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन. बाबांसाठी आणि थोडं त्या गाढवासाठीही.

रविवारी पाट काखेत मारून आणि पिशवी खांद्याला अडकवून खाली गेले. शिवदास खुर्चीवर बसला होता, हिऱ्याची पट्टी पुसत. मला बघून उठला आणि कुठे बघावं ते त्याला कळेना.

“हात दे,” मी म्हटलं. त्याचा हात धरून उलट्या पाटावर ठेवला. “डोळे मीट. काय लागतंय?”

त्याने हळूहळू हात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. ड्राफ्ट्समन माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

“वाटी,” तो म्हणाला. मग हात तसाच पाटावर ठेवून, “चुकलो गं.”

“हो, चुकलास. आता धार लावायला बस.”

मी दगड त्याच्यापुढे ठेवला आणि पातं काढून दिलं. त्याने ते घेतलं नाही.

“यावर लावली तर पात्याचं पोट पण जाईल, उत्तरा. ते तरी राहू दे.”

“जाऊ दे. पाट आहे ना माझ्याकडे. आणि हे बघ, सपाट तू केलास, परत वाटी पाडायला माझं एकटीचं आयुष्य पुरायचं नाही. तूही घासायचंस. नंदू, तूसुद्धा. तो टब बाजूला ठेव.”

“तेलावर?” नंदूने तोंड वाकडं केलं, पण टब सरकवला.

शिवदासने पातं हातात घेतलं आणि सवयीने दुसरा हात बाबागाडीकडे नेला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्याने हात मागे घेतला.

मी तेलाची बाटली काढून त्याच्यासमोर उकिडवी बसायला गेले. गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून पाट सुलटा करून त्यावर बसले. दगडावर तेल सोडलं. थेंब मधे पडले, पसरले आणि कडेवरून खाली ओघळले.

“थांबत नाहीये गं,” शिवदास म्हणाला. “सगळं वाहून जातंय.”

“थांबेल,” मी म्हटलं. “तू घासत राहा. मी घालते.”