विलायती पोथी

परीक्षेच्या दिवशी शिक्षकांचे फोन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवायचे, हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. मुरबाडच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारी निशिगंधा दीड वाजता पेपरांचा गठ्ठा जमा करून कपाटापाशी आली, फोन हातात घेतला, तर सतरा मिस्ड कॉल! सगळे दिराचे, प्रणयचे. पहिला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांचा.

प्रणयच्या बायकोचं, कुणालीचं, बाळ अजून चार महिन्यांचं नव्हतं. त्यालाच काही झालं की काय, या भीतीनं तिनं उभ्याउभ्याच फोन लावला.

"वहिनी, कुठं हाव तुमी? सकाळपासनं लावतोय," प्रणय जवळजवळ ओरडलाच. "शेजारच्या धाऊकाकाला पान लागलंय. भात कापताना. घोणस व्हती, मारून ठेवलीय."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं बोलत नाहीत, पान लागलं म्हणतात.

"मग? कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

"नेलं नाय. आपल्याच पडवीत बसवलाय. सगळी तुमची वाट बघतात. पोथी काढून ठेवलीय बाबांनी."

दहा वाजता घोणस चावलेला माणूस दीड वाजता पडवीत बसलाय! आणि गाडी? प्रणयची स्वतःची इको दारात उभी, पेट्रोल भरलेली, आणि टोकावड्याचा दवाखाना पंधरा मिनिटांवर.

"अरे, तुला काय अक्कल आहे की नाही? उचल आणि ने त्यांना!"

"किती येळा बोललो. हौसाकाकी नवऱ्याला उठू देत नाय. म्हणते, कुणालीचं पोथीनं सांगितलं तवा ती जगली, आमचंपण पोथी सांगंल."

"तिला फोन दे. मी सांगते, पोथीत जा म्हणूनच लिहिलंय."

मागे थोडी बोलाचाली ऐकू आली. मग प्रणय परत आला. "काकी बोलते, फोनवर नाय चालत. पोथी हातात पायजे. तुमी या लवकर."

ती एसटी स्टँडकडे अक्षरशः पळत सुटली. माळशेजकडे जाणारी गाडी सुटतच होती, कंडक्टरनं हात देऊन तिला आत घेतलं. खिडकीशी बसली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कारण त्या पडवीत धाऊकाकाला बसवून ठेवणारी हौसाकाकी नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला बसवून ठेवलं होतं तिनं स्वतः.

ती पोथी म्हणजे एक जुनं इंग्रजी पुस्तक. सासऱ्यांचे, म्हणजे धर्माबाबांचे, पणजोबा कसाऱ्याला घाटाच्या रेल्वेकामावर मुकादम होते. त्यांना कोण्या गोऱ्या साहेबानं जाताना ते दिलं. चामड्याची बांधणी, पहिली पानं फाटलेली, पण एका कोपऱ्यात छापल्याचं साल शाबूत होतं, सोळाशे आणि पुढचं काहीतरी. घरात ते पिवळ्या फडक्यात, पत्र्याच्या पेटीत. कोणी आजारी पडलं की पेटी उघडायची, भाताची एक काडी पानांत खुपसायची, जे पान निघेल ते आजाऱ्याच्या कपाळाला लावायचं, आणि मग दवाखान्यात जा नाहीतर घरी झोपा. दोन मिनिटांचं काम. शंभर वर्षं त्यानं कोणाचं काही वाकडं झालं नव्हतं, कारण ते पुस्तक बोलत नव्हतं. वाचायला कोणाला येत होतं?

मग निशिगंधा लग्न होऊन वैशाखऱ्याला आली. एम.ए. इंग्रजी! तिनं दुपारी गुपचूप ते सगळं वाचून काढलं. अक्षरं जुनी, वळणं चमत्कारिक, पण सवयीनं लागत गेली. अर्ध्या भागात देवाच्या प्रार्थना, उठल्यावर कोणती, दिवा लावताना कोणती, पेरणीआधी कोणती. अर्ध्या भागात व्यवहार, मधमाश्या कशा पाळाव्या, चीज कसं करावं, आणि बाकी सगळ्या मेंढ्या. मेंढीचा खोकला, मेंढीचे खूर, मेंढी विताना काय करावं. तिकडच्या थंड मुलखातल्या कोण्या सज्जनानं आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितलेल्या. तिला हसू आलं होतं. गोडही वाटलं होतं.

आषाढात कुणालीला आठवा महिना लागला. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. निशिगंधा सासूला, गोजाबाईंना, दोन दिवस सांगत होती की हे लक्षण बरं नाही, हिला मोठ्या दवाखान्यात न्या. "आठव्यात व्हतंच गो तसं. आमी काय पोरं काढली नाय?" गोजाबाई म्हणायच्या. सुनेचं कोण ऐकतंय! तिसऱ्या दिवशी धर्माबाबांनी पोथी काढली, काडी खुपसली, आणि पान कुणालीच्या कपाळाकडे नेणार तेवढ्यात निशिगंधा कशी कोण जाणे पुढे झाली. "बाबा, थांबा. बघू, काय लिहिलंय."

पान मेंढ्यांच्या खुरांचं होतं. खुरात कीड पडली तर डांबर लावा. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि घडाघडा वाचलं, "गरवारशीचे पाय सुजले, डोकं दुखलं, तर क्षणभर थांबू नका. मोठ्या वैद्याकडे न्या."

पाच मिनिटांत गाडी निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर आई आणि बाळ दोन्ही हातची गेली असती. आता सांगा, तिनं काय वाईट केलं?

पण गोष्ट तिथं थांबली नाही. गावभर झालं, धर्माच्या घरची पोथी बोलली. मग लहानीबाईचा खोकला आला, निशिगंधानं वाचलं, "थुंकी तपासून घ्या." पंढरीचा ताप आला, तिनं वाचलं, "रक्त तपासा." दर वेळी मेंढ्या, दर वेळी दवाखाना. आणि खरं बोलायचं तर तिला त्याची गोडी लागली होती. जिचं घरात कोणी ऐकत नव्हतं, तिच्यासमोर अख्खं गाव हात जोडून बसत होतं. कोणाला नाही आवडणार? फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी लोक पोथी कपाळाला लावून निघत होते. आता तिच्यासाठी थांबायला लागले होते.

सव्वादोनला एसटी टोकावड्याला थांबली. दवाखान्याचं फाटक खिडकीतून दिसत होतं, दाराशी एक पांढरी गाडीही होती. जिथं धाऊकाका असायला हवा तिथून ती पुढे चालली होती! उतरून डॉक्टरलाच घेऊन जावं का? पण डॉक्टर ओपीडी सोडून येईल? यायला अर्धा तास लावला तर? ती विचार करेपर्यंत गाडी हललीसुद्धा.

फाट्यावर उतरून ती धावत घरी आली. पडवीत पंधरावीस माणसं. धाऊकाका भिंतीला टेकून बसलेला, उजवा पाय मांडीपर्यंत फुगून काळानिळा. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि हौसाकाकी ते पदरानं पुसत होती.

"आली, आली," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या तोंडावर असा काही हुरूप आला की निशिगंधाला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीच.

"उचला त्यांना! गाडीत घाला! पोथी-बिथी काही नाही!"

कोणी हललं नाही. धर्माबाबांनी पिवळं फडकं सोडलं. काडी आधीच खुपसून ठेवली होती. "शांत हो. चप्पल काढ. दोन ओळी वाच, मग जाऊ."

"बाबा, त्या पोथीत काही नाही हो! मेंढ्या आहेत त्यात. मेंढ्यांचे रोग. मी खोटं बोलले. कुणालीच्या वेळी तुम्ही कोणी ऐकत नव्हता म्हणून मी मनानं सांगितलं. सगळं मनानं सांगितलं!"

गोजाबाईंनी तोंडाला पदर लावला. दारात कुणाली बाळाला घेऊन उभी होती, ती एकदा बाळाकडे आणि एकदा जावेकडे बघत राहिली. प्रणय खाली मान घालून उभा. पण हौसाकाकी मात्र उठली आणि निशिगंधाच्या समोर येऊन उभी राहिली.

"कुणालीसाठी वाचलंस. लहानीसाठी वाचलंस. माझ्या घरधन्याच्या टायमालाच मेंढ्या निघाल्या व्हय गो?" तिनं रक्ताळलेला पदर पुढे केला. "आमी तुमच्या घरातली नाय म्हणून? काय वाईट केलंय आमी तुझं?"

"काकी, तसं नाही, तुमच्या पाया पडते—"

"मग वाच ना!"

भिंतीपाशी धाऊकाकानं डोळे उघडले. "वाच गो पोरी," तो कसाबसा म्हणाला. "लय येळ झाली."

आता काय करणार होती ती? खरं सांगून पाहिलं, त्यात दहा मिनिटं गेली. आणखी समजावलं तर आणखी दहा जातील, आणि त्या बिचाऱ्याकडे तेवढी होती की नाही कोण जाणे. तिनं चप्पल काढली. पोथी हातात घेतली. मेंढी व्यायला अडली तर कोणती प्रार्थना म्हणावी, ते पान होतं. तिनं बोट ठेवलं. अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती, तरी आवाज चढवून तिनं वाचलं.

"विषारी जनावर चावलं तर आजाऱ्याला चालवू नका. उचलून वैद्याकडे न्या. या क्षणाला न्या."

आणि काय सांगावं, चार माणसांनी धाऊकाकाला अलगद उचललं, प्रणयनं गाडी सुरू केली, मिनिटभरात सगळे रस्त्याला! जवळजवळ पाच तास जो माणूस जागचा हलत नव्हता, तो तिच्या एका थापेनं हलला. गाडीत मागच्या सीटवर तिच्या मांडीवर त्याचे पाय होते. ती घड्याळाकडे बघत होती आणि मनातल्या मनात स्वतःला लाखोली वाहत होती.

टोकावड्याला डॉक्टरबाईंनी एका नजरेत ओळखलं. सलाईन लावत विचारलं, "किती वाजता चावला?"

"दहाला," हौसाकाकी म्हणाली.

"आणि आता सव्वातीन! पाच तास काय करत होता तुम्ही?"

"पोथी वाचायची व्हती ना. वाचणारी कालेजात व्हती." हौसाकाकीनं निशिगंधाला दंडाला धरून पुढे केलं, लेकीला दाखवावं तसं. "ही बघा. हिनं वाचलं तसं लगेच आणलं आमी."

डॉक्टरबाईंनी निशिगंधाच्या गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. आणि त्या वळल्या. त्यांना लस द्यायची घाई होती.

लस दिली, पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, पण मूत्रपिंडं बंद पडली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे धाऊकाका गेला.

बाराव्याला निशिगंधा त्यांच्या घरी गेली. जाऊ नये असं हजारदा वाटलं होतं. हौसाकाकी भिंतीशी बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होती. "पोथीनं सांगितलं तवाच निघालो आमी. एक क्षण थांबलो नाय. पण त्याचा टाइम भरला व्हता." आणि निशिगंधाला पाहून तिनं तिचे दोन्ही हात धरले. "तुझ्यामुळं तीन दिस तरी मिळालं गो."

ती बोलणार एवढ्यात लहानीबाई तिच्याजवळ सरकली, मांडीशी आठ वर्षांची नात घेऊन. "हिला परवापासनं झटकं येतात गो. तुला शनवारी सुट्टी ना? तवर थांबतो आमी, मग येतो पोथीपाशी."

मंगळवार होता तो.

"थांबू नका," निशिगंधा म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की बाहेर मांडवात बसलेल्या पुरुषांनी माना वळवल्या. "आत्ता न्या तिला. पोथीत मेंढ्या आहेत लहानीबाई, दुसरं काही नाही. मी त्या दिवशी पडवीत सांगितलं ते खरं होतं, आणि नंतर वाचलं ते खोटं होतं. धाऊकाका पोथीसाठी थांबले नव्हते. माझ्यासाठी थांबले होते."

"गप गो," हौसाकाकी हळूच म्हणाली. तिनं हात सोडले नव्हते. "गप. माझ्यापाशी आता तेवढंच हाय, का आमी येळ घालवली नाय."

गप्प बसणं किती सोपं होतं! पण समोर ती पोर बसली होती, आजीच्या पदराशी चाळा करत.

"घालवली काकी," ती म्हणाली. "माझ्यापायी घालवली."

हौसाकाकीनं तिचे हात सोडले. "म्हंजी दहाला निघालो असतो तर?"

"तर काका आज इथं असते."

नवरा गेला त्या पहाटेही हौसाकाकी एवढी रडली नव्हती. तिनं जो हंबरडा फोडला तो फाट्यापर्यंत गेला असेल. बायका धावल्या, पाणी आणलं, कोणी निशिगंधाला नाही नाही ते बोललं. लहानीबाई नातीला कडेवर घेऊन उठली आणि मांडवात जाऊन म्हणाली, "प्रणय, गाडी काढ रे बाबा. टोकावड्याला जायचंय."

निशिगंधानं हौसाकाकीच्या पाठीवर हात ठेवला. काकीनं तो झटकून टाकला. निशिगंधानं पुन्हा ठेवला नाही, पण ती तिथून उठलीही नाही.